रायफलचा नेम का चुकतो? स्क्रूचे आटे ठरवणाऱ्या जोसेफ व्हिटवर्थची गोष्ट

घरात मोबाइलचा ट्रायपॉड असेल तर त्याच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू एकदा नीट बघा. जाडी पाव इंच, आणि एका इंचात 20 आटे. 1841 मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या एका कारखानदाराने स्क्रूंचा एक तक्ता मांडला. त्यात पाव इंची स्क्रूसमोर हाच 20 चा आकडा होता. ट्रायपॉडच्या आट्यांचा कोन आज 60 अंशांचा असतो, त्याच्या तक्त्यात तो 55 होता. पण आपल्या बाथरूममधल्या नळाच्या अर्धा इंची पाइपवर आजही 55 अंशांचेच आटे पाडतात.

या माणसाचं नाव जोसेफ व्हिटवर्थ. इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी बीएसडब्ल्यू हा शब्द ऐकलाय, त्यातला डब्ल्यू म्हणजे हाच. पण आजची गोष्ट त्याच्या स्क्रूपेक्षा त्याच्या रायफलची जास्त आहे. गोळी नेमकी कुठे जाईल याचा भरवसा नसलेली एक बंदूक त्याच्यासमोर आली आणि त्याने तिचं डीबगिंग केलं. कोड लिहिणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. शेवट मात्र आपण अपेक्षा करतो तसा नाही.

मिलमधला मुलगा

व्हिटवर्थचा जन्म 21 डिसेंबर 1803 चा, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. वडील शाळामास्तर, पुढे धर्मोपदेशक झाले. आई तो लहान असतानाच गेली. चौदाव्या वर्षी त्याला काकांच्या सूतगिरणीत कामाला लावलं. धंदा शिकून घ्यायचा आणि पुढे तोच सांभाळायचा, असा घरच्यांचा हिशोब होता. याला मात्र सुतापेक्षा सूत काढणाऱ्या यंत्रांत रस. चार वर्षांनी तो तिथून निघाला आणि मँचेस्टरमध्ये साधा मेकॅनिक म्हणून लागला.

1825 मध्ये तो लंडनला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात गेला. अचूक यंत्रकामासाठी त्या काळात मॉडस्लेचं नाव सगळ्यात मोठं होतं. पुढे त्याने जोसेफ क्लेमंटकडेही काम केलं. चार्ल्स बॅबेजच्या गणकयंत्राचे सुटे भाग बनवणारा तो हाच क्लेमंट. म्हणजे कॉम्प्युटरचा पूर्वज ज्या वर्कशॉपमध्ये घडत होता, तिथे व्हिटवर्थने हात काळे केले होते. 1833 मध्ये तो मँचेस्टरला परतला आणि स्वतःचा कारखाना काढला.

तीन पाट्यांची युक्ती

अचूक यंत्र बनवायचं तर आधी एक खरोखर सपाट पृष्ठभाग लागतो, कारण बाकीची सगळी मोजमापं त्याच्या आधारावर होतात. पण सपाट आहे हे तपासायचं कशाने? तपासायला घेतलेली पट्टी तरी सरळ आहे कशावरून?

यावरची युक्ती भारी आहे. लोखंडाच्या दोन पाट्या एकमेकींवर घासून जुळवल्या तर फसगत होऊ शकते: एक थोडी फुगीर, दुसरी तेवढीच खोलगट, आणि दोघी एकमेकींत फिट्ट. म्हणून तिसरी पाटी घ्यायची. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी अशा सगळ्या जोड्या जुळायला हव्यात. तिन्ही पाट्या आपापसात जुळल्या की तिन्ही सपाटच असणार, दुसरा पर्यायच उरत नाही. एका पाटीवर रंग लावायचा, दुसरी तिच्यावर टेकवायची, जिथे रंग लागेल तो उंचवटा हातातल्या हत्याराने खरवडायचा, आणि हे पुन्हा पुन्हा करत राहायचं. 1840 मध्ये ग्लासगोला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात व्हिटवर्थने यावर निबंध वाचला. पाट्या घासण्याऐवजी खरवडा, यावर त्याचा सगळा भर होता.

पुढच्याच वर्षी त्याने स्क्रूंचा प्रश्न घेतला. तेव्हा प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेल याची खात्री नाही. प्रत्येक कंपनीचा चार्जर वेगळा असायचा ते दिवस आठवा, तसाच प्रकार. व्हिटवर्थने देशभरातल्या कारखान्यांचे बोल्ट गोळा केले, त्यांची मापं घेतली आणि साधारण मधलं माप निवडलं. असं केल्यामुळे कुणालाच आपली पद्धत मुळापासून बदलावी लागणार नव्हती. स्टँडर्ड टिकायला हे फार महत्त्वाचं असतं. क्रिमियाच्या युद्धात जॉन पेनला अगदी कमी वेळात सुमारे 90 गनबोटींची इंजिनं बनवायची होती. सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत बनवून एकत्र जोडता आले, कारण तोवर व्हिटवर्थचे आटे आणि मापं बऱ्याच ठिकाणी पोचली होती.

मापाबद्दल तर तो वेडाच होता. त्याने इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारं यंत्र बनवलं. हिशोब सोपा आहे. मुख्य स्क्रूला इंचात 20 आटे. तो फिरवणाऱ्या चाकाला 200 दाते. त्या चाकाला हलवणाऱ्या दुसऱ्या चाकावर 250 खुणा. 20 गुणिले 200 गुणिले 250, बरोबर दहा लाख. म्हणजे शेवटचं चाक एक खूण पुढे सरकलं की टोक इंचाच्या दहा लाखाव्या भागाने सरकणार.

सरकारची ऑर्डर आणि उलटा प्रश्न

1854 उजाडलं. ब्रिटिश सैन्याकडे तेव्हा नवी एन्फिल्ड रायफल आली होती, 1853 च्या नमुन्याची. आपल्याकडे हे नाव शाळेच्या इतिहासात येतं. 1857 मध्ये जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून शिपाई भडकले, तीच ही रायफल. तेव्हा तिचे बरेचसे भाग वेगवेगळे कारागीर हाताने बनवायचे. एका रायफलचा भाग दुसरीत सहज बसत नसे, आणि एक रायफल चांगला नेम धरायची तर शेजारची नाही. का, ते कुणी धड सांगू शकत नव्हतं.

सैन्याचे प्रमुख लॉर्ड हार्डिंग यांनी व्हिटवर्थला विचारलं, की या रायफली भराभर बनवणारी यंत्रं करून देशील का? ऑर्डर मोठी होती. दुसऱ्या कुणीही लगेच हो म्हटलं असतं. व्हिटवर्थचा मुद्दा वेगळा होता. चांगली रायफल कशामुळे चांगली होते हेच आधी कुणी शोधलेलं नाही, मग यंत्र कशासाठी बनवायचं? चुकीचं डिझाइन यंत्राने बनवलं तर चूकच हजारोंच्या संख्येने तयार होईल. बग असलेला कोड ऑटोमेट केला तर काय होतं, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. त्याने आधी प्रयोग करू द्या अशी मागणी केली आणि सरकारने खर्चाला मान्यता दिली.

500 यार्डांची प्रयोगशाळा

उघड्या मैदानावर गोळी झाडली आणि ती चुकली, तर दोष कुणाचा? वाऱ्याचा, नेम धरणाऱ्याचा, दारूचा, गोळीचा की नळीचा? एकाच वेळी पाच गोष्टी बदलत असतील तर उत्तर मिळणारच नाही. म्हणून व्हिटवर्थने मँचेस्टरजवळच्या आपल्या घराच्या आवारात झाकलेली लांबच लांब गॅलरी बांधली. लांबी 500 यार्ड, म्हणजे जवळपास 457 मीटर. आत वारा नाही. पहिली गॅलरी तर वादळात पडली. ती पुन्हा बांधून 1855 मध्ये प्रयोग सुरू झाले.

निशाण चाकांवर होतं, म्हणजे हव्या त्या अंतरावर नेता यायचं. आणि गोळीच्या वाटेत ठिकठिकाणी पातळ टिश्यू पेपरचे पडदे लावले होते. हा झाला त्याचा लॉग. प्रत्येक पडद्यावरच्या भोकावरून गोळी त्या जागी किती उंचीवर होती ते कळतं. भोक गोल असेल तर गोळी सरळ चाललीय. लांबट असेल तर ती हवेत आडवी व्हायला लागलीय. नुसतं निशाण बघून एवढंच कळलं असतं की नेम चुकला. पडद्यांमुळे तो वाटेत कुठे आणि कसा चुकला हे दिसायला लागलं.

बग सापडला कुठे

रायफलच्या नळीत आतून पेच असतात, म्हणजे नागमोडी खाचा. गोळी त्यातून जाताना स्वतःभोवती फिरायला लागते. भोवरा फिरत असेपर्यंत उभा राहतो, वेग कमी झाला की डुलतो आणि पडतो. गोळीचंही तसंच. लांबुळकी गोळी पुरेशी फिरत नसेल तर हवेचा दाब तिचं तोंड उलटवायला बघतो.

एन्फिल्डच्या नळीत 78 इंचांत एक वळसा होता. नळीच 39 इंचांची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धी फिरायची. व्हिटवर्थने वेगवेगळ्या नळ्या बनवल्या: 60 इंचांत एक वळसा, मग 30, 20, 10, 5, आणि शेवटी तर एका इंचात एक वळसा. टोकापर्यंत जाऊन बघायचं आणि मग योग्य जागा निवडायची, अशी त्याची रीत. शेवटी तो 20 इंचांत एक वळसा या मापावर थांबला. गोळीचा वेग सेकंदाला 1200 फूट धरला, तर एन्फिल्डची गोळी सेकंदाला सुमारे 185 वेळा फिरेल, व्हिटवर्थची 720 वेळा.

दुसरा बदल नळीच्या व्यासाचा. एन्फिल्डचा व्यास 0.577 इंच. व्हिटवर्थने तो 0.451 केला, पण गोळीचं वजन तेच ठेवलं: 530 ग्रेन, म्हणजे साधारण 34 ग्रॅम. वजन तेवढंच आणि जाडी कमी, म्हणजे गोळी लांब झाली. हवेला अडणारं तिचं तोंड जवळपास 40 टक्क्यांनी लहान झालं. त्यामुळे ती वेग जास्त वेळ टिकवते. पण लांब गोळी उलटायलाही सोपी, म्हणून तिला जास्त वेगाने फिरवायला हवं. दोन्ही बदल एकमेकांना धरून आहेत. फक्त एक केला असता तर फायदा झाला नसता.

तिसरा बदल सगळ्यात दिसणारा. नळीचं भोक गोल न ठेवता षटकोनी केलं, पीळ दिलेलं. गोळीही त्याच आकाराची, त्यामुळे ती पेचांवरून घसरत नाही. बहुभुजी नळीची कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. इसंबार्ड ब्रुनेल या प्रसिद्ध इंजिनिअरने आधीच अष्टकोनी नळीची रायफल करवून घेतली होती. पण इतक्या बारीक मापात ती पुन्हा पुन्हा बनवायचं तंत्र व्हिटवर्थकडेच होतं. सपाट पाट्या, दहा लाखावा भाग मोजणारं यंत्र, ही आधीची सगळी मेहनत इथे कामी आली.

निकाल

एप्रिल 1857 मध्ये हाइथच्या लष्करी शाळेत दोन्ही रायफलींची तुलना झाली. मोजायची पद्धत अशी: बऱ्याच गोळ्या झाडायच्या, त्यांच्या खुणांचा मध्य काढायचा आणि प्रत्येक खूण मध्यापासून सरासरी किती लांब आहे ते बघायचं. 500 यार्डांवर एन्फिल्डची सरासरी 2.24 फूट, म्हणजे 27 इंच. व्हिटवर्थची 0.37 फूट, म्हणजे साडेचार इंचांहून कमी. सहापट फरक! 1400 यार्डांवर एन्फिल्ड निशाणापर्यंतच पोचेना, व्हिटवर्थची मात्र लागत होती.

2 जुलै 1860 ला विंबल्डनमध्ये नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा होती. उद्घाटनाचा बार राणी व्हिक्टोरियाने काढला, व्हिटवर्थच्या रायफलमधून. रायफल लोखंडी घोडीवर घट्ट बसवलेली, राणीने फक्त चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली. 400 यार्डांवर गोळी निशाणाच्या केंद्रापासून दीड इंचाच्या आत लागली.

आणि तरीही नाकारली

एवढं झाल्यावर सैन्याने ती लगेच घेतली असेल असं वाटतं ना? नाही घेतली. कारणं अगदीच खोटी नव्हती. तेव्हाच्या काळ्या दारूचा मोठा भाग जळून काजळी होतो आणि नळीत साचतो. नळी अरुंद आणि गोळी तिच्यात घट्ट बसणारी, म्हणून काही बार झाले की पुढची गोळी वरून ठासायला त्रास. ही तोंडाकडून भरायची बंदूक होती, आणि समोर शत्रू असताना शिपायाला दर थोड्या वेळाने नळी पुसायला सवड नसते. शिवाय एन्फिल्डपेक्षा ती बरीच महाग. 0.451 चा व्यास युद्धाच्या कामाला लहान आहे, असंही लष्कराचं मत पडलं.

लॅबमध्ये जिंकलेलं प्रॉडक्ट फील्डवर का हरतं, याचं हे जुनं उदाहरण. व्हिटवर्थने एकच गोष्ट सुधारायची ठरवली होती, ती म्हणजे नेम. शिपायाला नेमासोबत वेग, किंमत आणि धुळीत-पावसात टिकणं हे सगळंच हवं होतं. व्हिटवर्थचा स्वभावही असा, की समोरच्याचं म्हणणं अर्धवट मान्य करून मधला मार्ग काढणं त्याला जमत नसे. सरकारी समित्यांशी त्याचे वाद वर्षानुवर्षं चालले.

रायफल मात्र दुसरीकडे पोचली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्याने थोड्याच व्हिटवर्थ रायफली मिळवल्या आणि निवडक नेमबाजांना दिल्या. 9 मे 1864 ला स्पॉटसिल्व्हेनियाच्या लढाईत उत्तरेचा जनरल जॉन सेजविक खूप लांबून आलेल्या गोळीने मेला. ती गोळी व्हिटवर्थची होती, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याआधी इतक्या लांबवर उभा असलेला अधिकारी स्वतःला सुरक्षित समजत असे. अचूकता ही नुसती आकड्यांची गंमत नसते. रायफलमध्ये सुधारलेल्या प्रत्येक इंचाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी माणूस उभा असतो. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या सैन्याच्या हातात ही रायफल पडली, हेही या गोष्टीतून वगळता येत नाही.

खरं क्रेडिट कुणाचं

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. व्हिटवर्थचं नाव निघालं की लोकांना षटकोनी नळी आठवते. पण त्याच्या रायफलमधून साधी गोल गोळीही झाडता येत असे, आणि तीही चांगली लागायची. पुढे विल्यम मेटफर्डने दाखवून दिलं की उथळ खाचा आणि थोडी कडक गोळी असली तरी तेवढाच नेम मिळतो. 1871 मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल घेतली. तिचा व्यास 0.45 इंच आणि 22 इंचांत एक वळसा. आधी ज्याला लहान म्हणून नाकारलं, जवळपास तेच माप! षटकोन मात्र त्यात नव्हता.

म्हणजे खरा फिक्स होता अरुंद नळी, लांब गोळी, तिला शोभेल एवढा पीळ आणि प्रत्येक नळीचं माप सारखं असणं. षटकोन डोळ्यांत भरत होता म्हणून नाव त्याचं झालं. एकाच रिलीजमध्ये चार बदल केले आणि अॅप फास्ट झालं, तर कोणत्या बदलामुळे झालं हे वेगळं तपासावंच लागतं, ते यासाठी.

आजही एखाद्या जुन्या शिकारी रायफलच्या गोळ्या पसरायला लागल्या, तर परवानाधारक बंदूक-कारागीर याच वाटेने जातो. आधी लाकडी दस्ता आणि दुर्बीण धरणारे स्क्रू सैल झालेत का ते बघतो, कारण ते सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण. मग नळीत साचलेलं तांबं, शिसं आणि काजळी साफ करतो. नळीच्या तोंडाची कड कुठे ठेचलीय का, गोळी जिथे नळीत शिरते तो भाग झिजलाय का, हे तपासतो. मग गोळीचं वजन आणि लांबी नळीतल्या पिळाशी जुळतेय का ते बघतो. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर रायफल घट्ट टेकवून पुन्हा चाचणी. नवीन नळीचा खर्च सगळ्यात शेवटी.

नंतरचा व्हिटवर्थ

रायफल आणि तोफांच्या नळ्या फुटू नयेत म्हणून तो पोलादाकडे वळला. वितळलेलं पोलाद थंड होताना आत हवेचे बुडबुडे राहतात आणि तिथून तडा जातो. त्याने पोलाद द्रव असतानाच त्यावर प्रचंड दाब द्यायची पद्धत काढली. पुढे शिकारीच्या उंची बंदुका बनवणाऱ्यांनी त्या पोलादाच्या नळ्या वापरल्या.

1868 मध्ये त्याने तरुण मेकॅनिकांसाठी वर्षाला 3000 पौंडांच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या. अट अशी की नुसतं पुस्तकी ज्ञान चालणार नाही, हाताला कामही यायला हवं. सूतगिरणीतून बाहेर पडलेल्या मुलाने ठेवलेली ही अट. 22 जानेवारी 1887 ला माँटे कार्लोमध्ये त्याचं निधन झालं. मूल नव्हतं, त्यामुळे संपत्तीचा मोठा भाग मँचेस्टरच्या शिक्षणाला, दवाखान्यांना आणि कलादालनाला गेला. व्हिटवर्थ शिष्यवृत्ती आजही दिली जाते.

रायफल संग्रहालयात गेली. आटे मात्र अजून कामावर आहेत. पुढच्या वेळी प्लंबर नळ बदलायला आला आणि नवा नळ कुठल्याही दुकानातून आणलेला असूनही जुन्या पाइपवर पहिल्याच फटक्यात बसला, तर ते आपोआप झालेलं नाही. कुणीतरी आधी देशभरातले बोल्ट गोळा करून मोजले होते.